बिडाचा तवा आणि चवळीचा भात

आमच्या सांगलीच्या घरी ओट्याखालच्या कप्प्यात एक बिडाचा तवा आहे. तो माझ्या सासूबाईंचा. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्यांनी तो माझ्या हाती सोपवला, तेव्हा दोनच गोष्टी बजावल्या होत्या : त्याला साबण लावायचा नाही, आणि धुतल्यावर क्षणभरही ओला ठेवायचा नाही. या गोष्टीला आता चाळीस वर्षे होत आली. शेंगतेलावर पोसलेल्या त्या तव्यावरून घावन आजही उलथण्याची वाट न पाहता सुटते. घरात नॉनस्टिकची भांडी आली आणि गेली. तवा जागचा हलला नाही. असाच दुसरा एक तवा अमेरिकेच्या दक्षिण भागात, जॉर्जिया राज्यात, माझ्या वाट्याला आला. त्याची हकीकत सांगण्याआधी थोडे घरातले सांगितले पाहिजे.

आमचा अडतीचा व्यवसाय. हळद आणि गूळ. एकुलता एक मुलगा शिकायला अटलांट्याला गेला, तिथेच नोकरीला लागला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करतो म्हणाला. मुलगी कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबातली. त्या दिवसांत आमच्या घरात जे शब्द बोलले गेले ते आज कागदावर उतरवण्याचे धैर्य मला नाही. आपल्याच घरोघरी असे प्रसंग आता येऊ लागले आहेत, त्यामुळे वाचकांना ते शब्द कोणते असतील हे सांगायची गरजही नाही. यजमानांनी पावणेदोन वर्षे मुलाशी फोनवर बोलणे टाकले. लग्न तिकडे नोंदणी पद्धतीने झाले, त्याला आम्ही गेलो नाही. मी चोरून फोन करीत असे, आणि तो चोरटेपणा यजमानांना ठाऊक होता, हे मला पुढे कळले.

शेवटी एका दिवाळीत वहीपूजन झाल्यावर यजमानच म्हणाले, “डिसेंबरमध्ये आवक कमी असते. जाऊन येऊ.” एवढेच. तिकिटे काढली गेली.

सूनबाईंनी आमच्यासाठी काय काय केले होते! फ्रीजमधून अंडी हद्दपार झाली होती. पातेली, पळ्या, पोळपाट सगळे नवे कोरे. कांदा, लसूण, बटाटा घरात नव्हता. चौविहार म्हणजे काय हे तिने मुलाकडून समजून घेतले होते आणि कामावरून परतायला उशीर होणार असेल त्या दिवशी ती दुपारीच आमची ताटे झाकून ठेवून जाई. मला ती ‘आई’ म्हणे. यजमानांना काय म्हणावे हे तिला कळत नव्हते, म्हणून ती काहीच म्हणत नसे. आणि यजमान तिला जे सांगायचे ते मुलामार्फत सांगत. एकाच टेबलाशी बसलेली तीन माणसे आणि मध्ये दुभाषा, असे जेवण मी तीन आठवडे वाढले.

नाताळ सरला. एके संध्याकाळी तिच्या भावाचा फोन आला. तिचा चेहरा बदलला, ती बाहेर अंगणात जाऊन बोलली. मुलाने मला सांगितले, की १ जानेवारीला तिच्या घरी एक ठराविक जेवण असते. अमेरिकेच्या साऱ्या दक्षिण भागात, गोऱ्या-काळ्या सगळ्या घरांत ते असते, पण यांच्या घरी ते नेहमी आजी करायची. दीड तासाच्या अंतरावर मेकन गाव आहे, तिथे आजीच्या घरी सगळे जमत. आजी सप्टेंबरमध्ये गेली. भाऊ विचारत होता, या वर्षी कुठे जमायचे? आणि सूनबाईंनी सांगितले होते, या वर्षी नको.

नको का, हे मला कुणी सांगायला नको होते. आम्ही घरात होतो म्हणून नको.

मी म्हटले, “मी करते. सगळ्यांना इथेच बोलवा.”

यजमानांनी वर्तमानपत्रातून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सूनबाई आणि मी यादी करायला बसलो. पहिला मान चवळीचा. तिकडे तिला काळ्या डोळ्यांचा वाटाणा म्हणतात, पण आहे ती आपली चवळीच. चवळी शिजवून तिच्याच पाण्यात तांदूळ शिजवायचे. त्या भाताला ‘हॉपिन जॉन’ असे गमतीचे नाव आहे. दुसरी कॉलर्डची पालेभाजी. कोबीच्या कुळातली, पण गड्डा न धरणारी, नवलकोलाच्या पानांसारखी जाड आणि रुंद पाने. तिसरी मक्याची भाकरी, म्हणजे कॉर्नब्रेड. चवळी म्हणजे नाणी, हिरवा पाला म्हणजे नोटा आणि मक्याची भाकरी म्हणजे सोने. वर्षाच्या पहिल्या दिवशी हे तिन्ही पोटात गेले की वर्षभर घरात पैसा राहतो, अशी श्रद्धा. मुलाने हे समजावून सांगितले तेव्हा वर्तमानपत्रामागून आवाज आला, “आणि उधारी? तिचा पदार्थ कोणता?” त्या घरात यजमानांनी केलेला तो पहिला विनोद.

यादीत पुढे डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा होता; तो सूनबाईंनी माझ्यादेखत स्वतःच खोडला. पण एवढ्याने भागत नव्हते. चवळीत आणि पालेभाजीत धुरावलेल्या मांसाचे हाड घालतात. चव तिथून येते. भाकरीत अंडे असते आणि तव्याला मांसाची चरबी. रताळ्याच्या सारणाचा पाय हा गोड पदार्थ, तर रताळे जमिनीखालचे. भातात कांदा. पालेभाजीवर मिरची मुरवलेला व्हिनेगर शिंपडतात, तोही आपल्याला वर्ज्य. मी एकेक गोष्ट खोडत गेले आणि सूनबाई हसून म्हणाली, “आई, आता कागदच राहिला.” ती हसली खरी, पण मला तो कागद पाहून ओशाळल्यासारखे झाले. दुसऱ्याच्या आजीच्या ताटातून मी निम्मे पदार्थ उचलून बाहेर ठेवीत होते.

मग ठरवले, की खोडलेल्या प्रत्येक गोष्टीच्या जागी काहीतरी ठेवायचे. कांद्याऐवजी हिंग, सेलरीचे दांडे आणि ढोबळी मिरची. व्हिनेगरऐवजी लिंबू. रताळ्याऐवजी लाल भोपळा, अंड्याविना, मक्याच्या सत्त्वाने दाटवलेला. मॅकरोनी आणि चीज हा प्रकारही तिकडे अशा जेवणात असतो, आणि नवल म्हणजे तो भाज्यांच्या रांगेत मोजतात! त्यासाठी प्राणिज रेनेट नसलेले चीज शोधण्यात मुलाची एक दुपार दुकानात वेष्टने वाचण्यात गेली. राहिला प्रश्न धुराचा. तो मला सोपा वाटला, कारण धुंगार आपल्याला नवा नाही. शिजलेल्या चवळीत वाटी ठेवायची, वाटीत पेटता कोळसा, त्यावर चमचाभर तूप, आणि झाकण.

भाकरीने मात्र छळले. अंड्याविना पहिली भाकरी झाली ती झाली म्हणण्यापुरती. सुरी लावताच रवाळ चुरा. दुसऱ्या खेपेला चार भाग मक्याच्या पिठात एक भाग कणीक घातली. घुसळलेले ताक घालायचे असते, पण चवळीबरोबर कच्चे ताक म्हणजे द्विदल. म्हणून ताकाला थोडे पीठ लावून कढीसारखे ते आधी तापवले आणि निवल्यावर सोडा घालून पीठ भिजवले. ही भाकरी अखंड उतरली. साखर घालू की नको असे विचारले, तर सूनबाई दचकली. त्यांच्या घरी कॉर्नब्रेडमध्ये साखर घालणे हा केकचा प्रकार मानतात. मी ती भाकरी काचेच्या भांड्यात भट्टीत भाजली होती. मुलगा म्हणाला, छान झाली आहे. सूनबाईही म्हणाली, छान. पण तिने तुकडा उचलून त्याची कड बोटाने दाबली. कड मऊ होती. ती काही बोलली नाही. मीच विचारले, तेव्हा संकोचून म्हणाली, “काचेत कड येत नाही, आई. त्याला लोखंडच लागते.” बिडाचा खोलगट तवा आधी भट्टीत लाल व्हायचा राहील इतका तापवतात, त्यात चरबी सोडतात आणि चुर्र आवाज होईल असे पीठ ओततात. कड त्या क्षणाला धरते. हे मला न सांगताही कळायला हवे होते. घावनाची जाळी अशीच पडते.

“तवा नाही का घरात?” मी विचारले. मुलगा आणि सूनबाई दोघेही गप्प झाले.

त्या रात्री, म्हणजे ३० डिसेंबरला, मला झोप लागत नव्हती. साडेबाराच्या सुमारास स्वयंपाकघरातून घासण्याचा आवाज येऊ लागला. उठून पाहिले. सूनबाई सिंकपाशी उभी होती. एका हाती तारेचा चोथा, पुढ्यात मिठाचा ढीग, आणि सिंकमध्ये काळे पाणी. ती एक जुना बिडाचा तवा जीव खाऊन घासत होती आणि घासता घासता रडत होती.

तो आजीचा तवा. आजी गेल्यावर भावांनी कपाट घेतले, खुर्च्या घेतल्या; हिने तेवढा एकच तवा मागून घेतला. आम्ही येणार म्हणून तो टॉवेलात गुंडाळून तिने गॅरेजमध्ये ठेवला होता, कारण साठ-सत्तर वर्षे तो डुकराच्या चरबीवर पोसला गेला होता. आता त्यावरचा तो काळा थर पुरता खरवडून काढायचा, तेल लावून नव्याने तापवायचा, म्हणजे आईंना त्यात भाकरी करता येईल, असा तिचा बेत. मुलगाही आवाजाने उठून आला आणि मला समजावू लागला : तो थर म्हणजे आता चरबी नसतेच, तापून तापून तिचे निराळे, कठीण कवच झालेले असते, रसायनशास्त्राने पाहिले तर आई, त्यात काहीच उरलेले नाही.

रसायनशास्त्र मला मान्य होते. तरी त्या तव्यात मी जेवणार नव्हते, हेही तितकेच खरे होते. नियम जिभेसाठी असतो तितकाच मनासाठीही असतो, आणि माझे मन त्या वयात बदलणारे नव्हते. पण सिंकमधल्या काळ्या पाण्याकडे पाहून माझ्या पोटात कालवले. माझ्या सासूबाईंचा तवा कुणी असा तारेने खरवडला असता तर? आणि तो माझ्या भावी जावयाच्या किंवा सुनेच्या आईला चालावा म्हणून खरवडला असता तर?

मी तिच्या हातातून तवा काढून घेतला. आयुष्यात ज्या वस्तूला मी हात लावला नसता ती मी दोन्ही हातांनी धरली होती. विलक्षण जड होती. शेगडीवर ठेवून तो कोरडा केला. मग कपाटातून शेंगतेल काढले, फडक्यावर घेऊन आतून-बाहेरून चोळले, आणि पुन्हा मंद आचेवर ठेवला, अगदी सासूबाईंनी शिकवले होते तसा. रुपयाएवढी एक जागा कडेशी खरवडून राखाडी झाली होती. ती झाकली गेली नाही. “हा पुन्हा घासायचा नाही,” मी म्हटले. सूनबाई खुर्चीवर बसून राहिली. तिला चहा करून द्यावा असे मनात आले, पण रात्र होती. मग आठवले, की रात्री न खाण्यापिण्याचा नियम माझा आहे, तिचा नाही. चहा केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवा तवा आणला. शेजारच्या टेनेसी राज्यात साउथ पिट्सबर्ग नावाच्या लहान गावी १८९६ पासून लॉज घराण्याचा बिडाच्या भांड्यांचा कारखाना आहे, तिथला. वेष्टनावर वनस्पती तेलाने सिद्ध केलेला असे लिहिले होते. मी चष्मा लावून दोनदा वाचले. संध्याकाळी दोन वाट्या चवळी निवडून, धुऊन भिजत घातली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अष्टमी-चतुर्दशी नाही, हे पंचांगात आधीच पाहून ठेवले होते, नाहीतर हिरव्या पालेभाजीचे निराळेच संकट.

१ जानेवारीला सकाळी सामायिक आटोपून मी कॉलर्ड घेऊन बसले. थंडीचा कडाका पडून गेल्यावर ही भाजी गोड होते म्हणतात. प्रत्येक पान उलटसुलट पाहायचे, देठाची जाड शीर काढायची, पाने एकावर एक ठेवून अळूवडीसारखी गुंडाळी करायची आणि चिरायची. तीन पाण्यांतून धुतली तरी चौथ्या पाण्यात रेती सापडली. मग हिंग, सुकी लाल मिरची, थोडा गूळ, मीठ, आणि मंद आचेवर तासभर. आपण पालेभाजी इतकी शिजवत नाही. पण ही पाने शिजतच नाहीत लवकर, आणि शिजल्यावर जे हिरवे पाणी उरते त्याचीच तिकडे मोठी ख्याती. त्याला ‘पॉट लिकर’ म्हणतात. नावावर जाऊ नये, मद्याशी त्याचा संबंध नाही.

धुंगाराने घोटाळा केला. कोळसा पेटवला, तूप सोडले, झाकण ठेवले. पण झाकण जरा तिरके बसले असावे. छतावरचा धुराचा भोंगा कर्कश बोंबलू लागला. वरच्या खोलीत यजमानांची सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे पुरी व्हायची होती. ते उठले नाहीत. मुलगा खुर्चीवर चढून टॉवेलाने वारा घालतो आहे, सूनबाई दारे-खिडक्या उघडते आहे, आणि नेमके त्याच वेळी तिचे वडील आणि दोघे भाऊ आपल्या कुटुंबासह दारात उभे. आमच्या व्याह्यांचे आणि माझे पहिले दर्शन असे झाले. त्यांनी हवेचा वास घेतला आणि मुलीला काहीतरी विचारले. मुलाने मराठीत सांगितले, “ते विचारताहेत, आत हाड घातलं आहे का?” मी वाटी काढून दाखवली.

व्याही सत्तरीच्या पुढचे, उंच, सावकाश बोलणारे. मेकनमध्ये चाळीस वर्षे त्यांचे खिळे-चुका, कुलपे, रंग असे हार्डवेअरचे दुकान होते. पत्नी कधीच वारलेली, आता आईही गेलेली. दुपारी दोन वाजता पाने वाढली. अशा सणाचे जेवण तिकडे भरदुपारीच असते. साडेपाचच्या पुढे सूर्य मावळणार होता, त्यामुळे आमचा नियम आणि त्यांची रीत यांची गाठ न जमवता जमली.

जेवताना बोलणे रेंगाळत होते, म्हणून मी चवळीविषयी विचारले. व्याह्यांनी चमचा खाली ठेवला. चवळी मूळची आफ्रिकेची. गुलामांच्या जहाजांतून ती अमेरिकेत आली, आणि भेंडीही तशीच आली. कॅरोलिनात भाताची शेती त्या माणसांच्या कष्टावर आणि ज्ञानावर उभी राहिली. हॉपिन जॉनची कृती १८४७ साली सारा रटलेज नावाच्या गोऱ्या बाईंनी ‘द कॅरोलिना हाउसवाइफ’ या पुस्तकात छापली; चुलीपाशी उभी असणारी मात्र दुसरीच होती. १ जानेवारी हा त्या काळी गुलामांना वर्षभरासाठी भाड्याने देण्याचा दिवस. आई एकीकडे, मूल दुसरीकडे. म्हणून ३१ डिसेंबरची रात्र ही ताटातुटीची रात्र असे. मग १८६२ च्या ३१ डिसेंबरला लोक चर्चमध्ये जागत बसले, कारण दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८६३ ला, लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात येणार होता. व्याह्यांच्या आईने ती जागरणाची रात्र आयुष्यभर पाळली. सकाळी चर्चमधून येऊन ती चवळी चुलीवर चढवी.

आणि मांस? ते मी विचारले नव्हते, त्यांनीच सांगितले. मालकाकडून मिळे ते मोजून. फ्रेडरिक डग्लस या गुलामीतून निसटलेल्या थोर पुरुषाने १८४५ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की प्रौढ गुलामाला महिन्याला ८ पौंड डुकराचे मांस किंवा तितकेच मासे आणि १ बुशेल मक्याचे पीठ मिळे. चांगले तुकडे मालकाच्या ताटात. यांच्या पातेल्यात हाडे आणि चरबी. पालेभाजी वर जाई, खालचे पाणी यांना उरे. व्याही म्हणाले, “आम्ही त्या पाण्यावर वाढलेल्या लोकांची मुले.”

टेबलावर थोडा वेळ कुणी बोलले नाही. यजमानांनी आपल्यापुढची वाटी उचलली आणि कॉलर्डचे ते हिरवे पाणी प्यायले. मग भाकरीचा तुकडा घेऊन वाटीत कुस्करला. ते पाहून व्याही एकदम खुलले. कॉर्नब्रेड पॉट लिकरमध्ये बुडवावी की कुस्करावी यावर १९३१ साली लुइझियानाचे ह्यूई लाँग आणि अटलांट्याच्या एका वर्तमानपत्राचे संपादक ज्युलियन हॅरिस यांच्यात जाहीर वाद रंगला होता. लाँग बुडवणारे, हॅरिस कुस्करणारे. व्याह्यांची आई कुस्करणारी. यजमान म्हणाले, “आमटीत भाकरी बुडवून कुणाचं पोट भरलं आहे?” मुलाने त्याचे भाषांतर केले तेव्हा दोन्ही भाऊ मोठ्याने हसले.

मग व्याह्यांनी सहज विचारले, “आईचा तवा कुठे आहे?”

सूनबाईने मान खाली घातली. मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी उठले, फळीवरून तवा काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांची नजर नेमकी त्या राखाडी जागेवर गेली. मी मुलाला म्हटले, “जसेच्या तसे सांग. माझ्या सोवळ्यापायी ती हा खरवडत होती. दोष माझा आहे.” त्याने सांगितले. यजमान खाली पाहात होते. त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

व्याह्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, हा तवा आईला तिच्या मावशीच्या घराच्या ओसरीखाली सापडला होता, पुरता गंजलेला. आईने तो अंगणातल्या जाळात टाकून लाल केला, घासला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एकदा नव्हे, पुढे आणखी एकदा, कुणीतरी त्यात पाणी ठेवून गंजवला तेव्हा. एवढे सांगून त्यांनी तवा मुलीकडे सरकवला आणि भाकरीचा आणखी एक तुकडा घेतला. कड दाताखाली कुरकुरली, ती मला ऐकू आली.

यजमानांनी हात पुढे करून तवा उचलला. अडत्याची सवय, हाताने तोलला आणि म्हणाले, “सव्वादोन किलो भरेल.” नंतर वजनकाट्यावर ठेवला तो दोन किलो तीनशे ग्रॅम भरला. त्यांनी आमच्या घरच्या तव्याची गोष्ट सांगायला घेतली, आणि सांगताना ते मुलाकडे नव्हे, सूनबाईकडे पाहून मराठीतच बोलत राहिले. तिला किती समजले कोण जाणे. ती मान हलवत होती. गोष्ट संपल्यावर ते म्हणाले, “सूनबाई, थोडी भाकरी वाढा.” एवढे तिला बरोबर समजले.

शेवटी व्याह्यांनी पिशवीतून एक बरणी काढली. उत्तर जॉर्जियाच्या डोंगराळ भागात गोड ज्वारीचे धाटे गाळून त्याचा रस आटवतात; ती ज्वारीची काकवी. गरम भाकरीवर लोणी आणि वर ती काकवी. यजमानांनी आधी बोटाच्या टोकावर थेंब घेतला, उजेडात धरून रंग पाहिला, दोन बोटांत तार ओढून पाहिली, मग जिभेला लावली. सौद्याच्या वेळी गुळाची ढेप जशी पाहतात अगदी तसे. “चिकाट्याची आहे,” असा निवाडा दिला. “भाव काय?” भाव ऐकून मात्र त्यांनी हिशेब केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत दोघे वृद्ध खिडकीपाशी बसून उधारीच्या गोष्टी बोलत होते. दुकान बंद केले त्या दिवशी व्याह्यांनी कुणाकुणाची खाती फाडून टाकली, त्यांपैकी कोण अजून रस्त्यात भेटले की दुसऱ्या बाजूने जाते, हे मुलगा भाषांतरित करून थकला. उधारीचा पदार्थ कोणता, हा प्रश्न यजमानांनी त्यांनाही विचारला. व्याही म्हणाले, “तो आम्ही रोज खाल्ला. त्यासाठी सण कशाला?”

चवळीत मीठ कमी पडले होते, हे मी सर्वांच्या पश्चात खरकटे आवरताना पाहिले. कुणी बोलले नाही.

या गोष्टीला दोन वर्षे झाली. आम्ही सांगलीला परतलो. आता १ जानेवारीला आमच्या घरीही चवळीचा भात होतो; कॉलर्ड नाही, म्हणून नवलकोलाचा पाला घेते. यजमान त्या दिवशी दुपारी दुकानातून घरी जेवायला येतात, एरवी डबा मागवतात. गेल्या खेपेस सूनबाईने तिच्या तव्याचे छायाचित्र पाठवले. नव्या तव्यात आमच्या पद्धतीची भाकरी, आणि शेजारी आजीचा तवा. कडेची ती राखाडी जागा आता काळी झाली आहे. उजेडात तिरपे धरले तरच दिसते, असे तिने लिहिले होते. मी विचारले, कोणते तेल लावतेस? तिचे उत्तर आले, मराठीत, देवनागरीत टाइप केलेले : शेंगतेल.